बंड्याची नोंदवही : चावणाऱ्या ग्रीन-चीक कॉन्युअरची आतापर्यंतची प्रगती

बंड्या हा साधारण तीन वर्षांचा ग्रीन-चीक कॉन्युअर जातीचा छोटा पोपट असून पावसाळ्याच्या तोंडावर तो आमच्या ठाण्याच्या घरी आला. त्याचे आधीचे पालक शिक्षणासाठी परदेशी गेले आणि पिंजरा, खेळणी व नर-मादी ओळखण्यासाठी केलेल्या डीएनए चाचणीचा कागद यांच्यासह त्यांनी तो माझ्या स्वाधीन केला. तो चावतो, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले होते. कसा चावतो, ते मात्र तो आल्यावरच कळले. सत्तर ग्रॅमसुद्धा न भरणारा हा जीव अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी पकडून अशी पिळतो की रक्त येते आणि पुढचे काही दिवस भांडी घासताना त्याची आठवण राहते.

नव्या पालकांसाठी कागदपत्रांविषयी थोडक्यात. आपला देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. ग्रीन-चीक हा दक्षिण अमेरिकेतला, मुख्यतः बोलिव्हिया आणि त्याला लागून असलेल्या ब्राझील, पॅराग्वे व अर्जेंटिनाच्या भागांतला पक्षी असल्यामुळे त्याला ती मनाई लागू होत नाही. परंतु ही जात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याच कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद असावी लागते. पक्षी हस्तांतरित होताना ही नोंदही हस्तांतरित झाली आहे ना, ते पाहून घ्यावे.

सवयीविषयी काहीही ठरवण्यापूर्वी त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवले, कारण दुखणाऱ्या पक्ष्याला प्रशिक्षण देणे व्यर्थ आणि क्रूर असते. तब्येत ठीक निघाली. उड्डाणाची पिसे मात्र कापलेली होती, आणि चावण्याशी त्याचा संबंध आहे असे माझे मत आहे. पोपटाचा पहिला बचाव उडून जाणे हा असतो; तो मार्ग बंद केला की उरलेल्या मार्गांपैकी चोच हा सर्वांत परिणामकारक ठरतो. नवी पिसे आता येत आहेत आणि ती कापायची नाहीत असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी खिडक्यांना जाळ्या बसवल्या, आरशावर पडदा टाकला आणि बंड्या बाहेर असताना छताचा पंखा बंद ठेवण्याचा नियम केला. ठाण्याच्या उकाड्यात हा नियम घरच्यांच्या गळी उतरवणे पक्षी माणसाळवण्यापेक्षा अवघड गेले.

पहिल्या टप्प्यात मी त्याला हात लावण्याचा प्रयत्नच केला नाही. प्रत्येक चाव्याची नोंद मात्र तीन रकान्यांत केली : आधी काय घडले, पक्ष्याने काय केले आणि नंतर त्याला काय मिळाले. तिसरा रकाना सर्वांत बोलका ठरला, कारण जवळजवळ प्रत्येक ओळीत तिथे ‘हात मागे गेला’ एवढेच लिहिले जात होते. पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर चावणे हा उत्तम चालणारा उपाय होता. पहिल्या रकान्यातून तीन प्रसंग पुन्हा पुन्हा दिसू लागले : पिंजऱ्यातली खाण्याची वाटी बदलताना, संध्याकाळी उशिरा आणि तो बाहेर रमलेला असताना त्याला परत आत ठेवताना.

वाटीच्या प्रसंगाचे मूळ पिंजऱ्यात टांगलेल्या कापडी तंबूत होते. ग्रीन-चीक वयात आला की असा अंधारा, उबदार कोपरा त्याला घरट्यासारखा वाटतो आणि मग तो त्याचे रक्षण करू लागतो. वाटी नेमकी त्या तंबूखाली होती, म्हणजे माझा हात दररोज त्याच्या घरट्याच्या दारात शिरत होता. शिवाय या तंबूंचे धागे चोचीने उसवून गिळले गेले तर अन्नपिशवीत अडकण्याचा धोका असतो. तंबू काढून टाकला, तिथे खरबरीत सालीची पेरूची फांदी लावली आणि वाट्या बाहेरून सरकवता येतील अशा जागी नेल्या. तीन प्रसंगांपैकी एक एवढ्यावरच जवळपास मिटला. पाठ आणि पंखांखालचा भाग कुरवाळण्यानेही हाच नराचा आवेश चाळवतो, म्हणून घरात सर्वांना डोके आणि मान एवढीच मोकळीक आहे. तीही त्याने स्वतःहून मान वाकवली तरच.

संध्याकाळच्या चाव्यांचे कारण झोप हे होते. पिंजरा हॉलमध्ये होता आणि आमचा टीव्ही अकरापर्यंत चालतो. उष्ण कटिबंधातल्या या पक्ष्याला दहा ते बारा तासांची शांत, अंधारी रात्र लागते. आता साडेसातला पिंजरा मागच्या खोलीत जातो. संध्याकाळच्या चाव्यांत पडलेला फरक घरातल्या प्रशिक्षणावर विश्वास नसलेल्या मंडळींनाही मान्य करावा लागला.

त्यानंतर टार्गेटचे, म्हणजे दाखवलेल्या काठीच्या टोकाला चोच लावायला शिकवण्याचे काम सुरू केले. साधी चॉपस्टिक गजांमधून दाखवायची, तिच्या टोकाला चोच लागताच क्लिकर (दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज करणारी छोटी डबी) वाजवायचा आणि लगेच राळ्याच्या कणसाचा छोटा तुकडा द्यायचा. दुकानांत ‘स्प्रे मिलेट’ म्हणून मिळणारे कणीस ते हेच. सूर्यफुलाच्या बियांपेक्षा यात चरबी बरीच कमी असते, त्यामुळे बक्षीस म्हणून ते मला अधिक योग्य वाटते. सराव सकाळच्या खाण्याआधी आणि अगदी थोडा वेळ करायचा. त्यासाठी पक्ष्याला उपाशी ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मी मानलेला नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर सकाळी वजन पाहतो आणि ते ६५ ते ६८ ग्रॅमच्या दरम्यान स्थिर आहे.

टार्गेटमागे तो सहज चालू लागल्यावर दारातल्या दांडीपर्यंत, मग माझ्या हातातल्या काठीवर आणि त्यानंतर बाही घातलेल्या मनगटावर असा क्रम ठेवला. उघड्या हाताची पाळी गणपतीनंतर आली. इथे दोन गोष्टी सविस्तर लिहिण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, नव्या हातावर पाय ठेवण्यापूर्वी पोपट चोच टेकवून आधार पक्का आहे का ते पाहतो. ती चोच येताना पाहून आपण हात ओढला तर त्याचा तोल जातो आणि पुढच्या वेळी तो घट्ट पकडतो. म्हणजे आपल्या दचकण्यातूनच खरा चावा तयार होतो. टेकवणारी चोच सावकाश येते आणि किंचित उघडी असते, तर चावणारी झडप घालते. दुसरी गोष्ट म्हणजे, पोटावर बोट दाबून ‘वर ये’ म्हणण्याची सर्रास शिकवली जाणारी पद्धत मला पटत नाही. त्याने पक्षी तोल सावरण्यासाठी चढतो, इच्छेने नव्हे. मी हात थोड्या अंतरावर स्थिर धरतो आणि तो पाय उचलेपर्यंत थांबतो. नाही उचलला तर हात बाजूला घेऊन थोड्या वेळाने पुन्हा विचारतो.

चाव्यापूर्वीचे इशारे ओळखणे हा या सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि ग्रीन-चीकच्या बाबतीत ते जरा कठीण जाते. ॲमेझॉन पोपटाचे बुबुळ नारिंगी असल्याने बाहुलीचे लहानमोठे होणे लांबूनही दिसते. ग्रीन-चीकचे बुबुळ गडद तपकिरी असल्याने ते पटकन ध्यानात येत नाही. त्यामुळे इतर खुणांवर लक्ष ठेवावे लागते. बंड्या आधी एकदम स्तब्ध होतो, अंगावरची पिसे चपटी बसतात, मानेमागची तेवढी ताठ होतात आणि शरीराचा भार मागे जातो. या क्षणी हात थांबवला तर चावा येत नाही. आधी तो हे इशारे न देताच चावत असे, कदाचित पूर्वी त्यांची दखल घेतली न गेल्यामुळे. आता ते स्पष्ट दिसू लागले आहेत आणि माझ्या दृष्टीने हातावर येऊन बसण्यापेक्षा ही मोठी प्रगती आहे.

माझ्या आईला तो आजवर एकदाही चावलेला नाही. ती त्याच्याशी दिवसभर बोलते, गजांतून मटारचा दाणा देते आणि त्याला पकडण्याचा विचारही तिच्या मनात येत नाही.

हातमोजे वापरण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. जाड मोजा आपले रक्षण करतो, पण त्यातून आपल्याला पक्ष्याची भीती कळेनाशी होते आणि पक्ष्याला एक नवे भय मिळते. चोचीवर टिचकी मारणे, तोंडावर फुंकर घालणे किंवा चावल्यावर शिक्षा म्हणून पिंजऱ्यात कोंडणे यांनाही माझा विरोध आहे. पिंजरा ही शिक्षेची जागा झाली की आत जातानाचे चावे वाढणारच. तो थकून गप्प होईपर्यंत हातात धरून ठेवण्याची पद्धत तर सर्वांत वाईट, कारण असा गप्प झालेला पक्षी माणसाळलेला नसतो, हताश झालेला असतो.

सध्याची स्थिती अशी. सकाळी तो उघड्या हातावर येतो, डोके खाजवून घेतो आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फिरतो. आत मात्र नाही, कारण तापलेल्या नॉनस्टिक भांड्याची वाफ पक्ष्यांना जीवघेणी असते. परत आत जाण्याचा तिसरा प्रसंग पूर्ण सुटलेला नाही. रोजचे आवडते खाणे आता पिंजऱ्यातच ठेवतो, आणि मधूनमधून त्याला आत सोडून लगेच बाहेरही येऊ देतो, म्हणजे आत जाणे हा दर वेळी खेळाचा शेवट ठरत नाही. पाहुणे आले की तो अजून खांद्यावरून कानाची पाळी धरतो, म्हणून तूर्त खांदा बंद. यापुढे टार्गेटच्या मदतीने त्याला प्रवासाच्या पिंजऱ्यात शिरण्याची आणि जमल्यास टॉवेलात गुंडाळून घेण्याची सवय लावायची आहे. तोवर नखे कापण्याचे काम डॉक्टरांकडेच राहील. त्या कामाचा वाईटपणा त्यांनीच घ्यावा.