पेटीच्या कोपऱ्यातली दोन अंडी

पालीची अंडी जोडीने असतात. पांढरीशुभ्र, काबुली चण्याएवढी. चिपळूणच्या घरी दिवाळीची साफसफाई काढली की देवाच्या तसबिरीमागे हमखास सापडायची. आई कागदावर घेऊन ती परसात ठेवून यायची. तशीच एक जोडी मला मॉरिशसमध्ये, बेटावर न्यायचं सामान तपासायच्या क्वारंटाइनच्या खोलीत, तंबूच्या पेटीत दिसली आणि हाताला दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बोटीने राउंड आयलंडला निघायचं होतं. मॉरिशसच्या उत्तरेला, सुमारे २२ किलोमीटरवर समुद्रातून वर आलेला हा ज्वालामुखीचा डोंगर. माणसाने इथे शेळ्या आणि ससे सोडले आणि त्यांनी झाडोरा खाऊन फस्त केला. उघडी पडलेली माती पावसाबरोबर समुद्रात गेली. शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ मध्ये हटवले. पण बिळात राहणारा इथला एक बोआ साप त्याआधीच संपला होता. १९७५ नंतर तो कुणाला दिसलेला नाही. एका गोष्टीने मात्र हे बेट तारलं: उंदीर इथे कधीच पोचले नाहीत. म्हणून टेलफेअरची सापसुरळी इथे टिकली. वरच्या जबड्याचं हाड पुढे-मागे दोन भागांत असलेला, तेव्हा जगात दुसरीकडे कुठेही न उरलेला राउंड आयलंडचा बोआही टिकला.

त्यामुळे बेटावर जाणाऱ्या सामानाची झडती घरच्या लग्नातल्या याद्यांपेक्षा कडक असते. खोलीच्या फटी बुजवलेल्या, दार सतत बंद. मोजे उलटे करायचे, खिसे उलटे करायचे, वेल्क्रोत अडकलेली कुसळं चिमट्याने एकेक करून काढायची. बुटांचे तळवे जुन्या टूथब्रशने घासायचे. तांदूळसुद्धा परातीत पसरून बघायचे. त्या दुपारी चारपर्यंत अकरा पेट्या झाल्या होत्या. बाराव्या पेटीत कडेला आतून एक खाच होती. टॉर्च तिरका धरला, तेव्हा ती दोन अंडी दिसली.

सामान उचलायला मदत करणारे काका मराठी होते. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर आलेले. बोलणं इथल्या क्रिओल भाषेत, पण मला बघून ते आजीकडून ऐकलेली मराठी आठवून आठवून बोलायचे.

“काका, पालीचीच ना?”

त्यांनी चष्मा वर केला, नीट पाहिलं. “होय बाय. घरातली पाल.”

घरातली, हेच तर भय होतं. आपल्या भिंतीवर चुकचुकणारी ही पाल जहाजांतून जगभर गेली. मॉरिशसची मूळची छोटी निशाचर पाल मुख्य बेटावरून कधीच नाहीशी झाली. आता ती काही टापूंवरच उरली आहे. घरपाल आली की खडकांतल्या लपायच्या फटी बळकावते आणि लहानग्यांना खाते. शिवाय एकदा मीलन झालं की मादी कित्येक महिने वीर्य साठवून ठेवू शकते. म्हणजे एकटी मादीसुद्धा पुरते. आणि इथे तर दोन अंडी होती, मादी कुठे होती ते ठाऊक नव्हतं.

मला मॉरिशसच्या उत्तरेचंच दुसरं बेट, फ्लॅट आयलंड आठवलं. तिथली नारिंगी शेपटीची सापसुरळी शास्त्रज्ञांना १९९५ मध्ये सापडली. २०१० च्या सुमारास बेटावर चिचुंद्री शिरली. आपल्या मोरीत चूं-चूं करत पळते ना, तीच. पाहता पाहता तिथली एकूण एक सापसुरळी संपली. काही सापसुरळ्या आधीच गनर्स क्वॉइन बेटावर हलवल्या होत्या, म्हणून ती जात आज जिवंत आहे. ती आधी हलवली नसती तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

टीम लीडरने अंडी बघितली आणि एवढंच म्हणाली, “सगळं पुन्हा.” कुणी हू की चू केलं नाही. अंडी मी स्वतः अल्कोहोलच्या कुपीत टाकली. आईचा तो कागद आठवून जीव कळवळला, तरी टाकली. मग तंबूची घडीन् घडी उलगडली, खांबांच्या नळ्यांत तार फिरवली. उरकायला रात्रीचे दोन वाजले. मादी सापडली नाही. पहाटे निघायचंच नाही, असं ठरलं. मग समुद्र खवळला आणि आणखी तीन दिवस गेले. त्या काळात त्या खोलीत सापळे लावून ठेवले होते. दुसऱ्या रात्री गोंदाच्या पट्टीवर ती मिळाली. शेपूट तुटलेली होती.

चौथ्या पहाटे निघालो. राउंड आयलंडला धक्का नाही. डिंगी, म्हणजे छोटी होडी, लाटेबरोबर वर चढली की ओल्या कातळावर उडी घ्यायची, मग साखळी करून पेट्या हातोहात वर द्यायच्या. वर पोचल्यावर तिथल्या खोलीचं दार आधी लावलं आणि बारावी पेटी पुन्हा उघडली. खाचेत बोट फिरवलं. कोरडी होती. बाहेर सळसळ झाली म्हणून खाली वाकले, तर दाराखालच्या फटीत टेलफेअरच्या सापसुरळीने नाक खुपसलं होतं आणि जीभ बाहेर काढून ती आमचा वास घेत होती.