काच बदलायची की अख्खी खिडकी?

आमच्या घराच्या खिडक्यांना दुहेरी काचा, पण जुन्या. हळूहळू एकेका खिडकीत दोन काचांच्या मधोमध वाफ धरायला लागली. आतून पुसा, बाहेरून पुसा, ढिम्म हलत नाही. ऊन चढलं की विरळ व्हायची, रात्री पुन्हा हजर. पुढे पुढे खालच्या कडेला पांढुरके डाग पडले, ते मात्र कायमचे.

कोटेशनं मागवली. जो आला त्याने वाफ बघितली, ‘सगळ्या खिडक्या काढाव्या लागतील’ म्हणाला आणि चौकटीसकट दर लिहून गेला. झडप उघडून बघायचे कष्टसुद्धा कुणी घेतले नाहीत. हे मला खटकलं, म्हणून आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधायचं ठरवलं.

दोन काचांच्या कडेने स्पेसर नावाची एक पोकळ पट्टी असते. तिच्या पोटात ओल शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात आणि सगळ्या कडा सीलने बंद केलेल्या असतात. मधली हवा उन्हात फुगते, गारठ्यात आकसते. वर्षानुवर्षं हे चाललं की सील थकतं आणि दमट हवा आत शिरते. दाणे झेपेल तेवढी ओल पितात. ते भरून गेले की मग वाफ दिसते. म्हणजे आपल्याला कळतं तेव्हा सील जाऊन बराच काळ लोटलेला असतो. काचेला बारीक भोक पाडून वाफ घालवून देऊ, असं सांगणारेही भेटले. वाफ जाईलही, सील कुठून आणणार? त्यांना नमस्कार केला.

मुद्दा एवढाच की बिघाड काचेच्या जोडीत आहे, चौकटीत असेलच असं नाही. मग एकेक खिडकी तपासली. झडपेत कागदाची पट्टी धरून झडप लावायची आणि पट्टी ओढायची. सहज सुटली तर तिथलं रबर चपटं झालंय. दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे नसतील तर झडप तिरकी झालीय. लाकडी चौकटीच्या खालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. एका खिडकीत तो लोण्यात जावा तसा आत गेला, त्यामुळे तिचा निकाल तिथेच लागला. बाकी बहुतेक चौकटी ठणठणीत होत्या. त्यांना फक्त काचा आणि नवं रबर पुरणार होतं.

शेवटी असं काम घ्यायला तयार असलेला एक कारागीर मिळाला. त्याने पहिल्याच खिडकीची बीडिंग, म्हणजे काच चौकटीत धरून ठेवणारी पट्टी, काढली, तीही कोपऱ्यातून नाही, लांब पट्टीच्या मध्यावर पटाशी सरकवून. पट्टी धनुष्यासारखी वाकली आणि टोकं आपोआप सुटली. आत काच जराशी उचलून धरणारे प्लास्टिकचे छोटे तुकडे, पॅकर, होते. ‘ताई, हे नसतील तर काच पाण्यात बसते, आणि नवं सीलही असंच जाईल,’ तो म्हणाला. चौकटीतली पाणी जायची भोकं मातीने बुजली होती, तीही त्याने मोकळी केली. मापं बीडिंग काढल्यावरच घेतली, कारण टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच एकदा तयार झाली की पुन्हा कापता येत नाही.

आमच्या खाचेत एकूण 24 मिमी जाडी बसत होती: 4 मिमी काच, 16 मिमी अंतर, 4 मिमी काच. रस्त्याकडच्या खोलीत 6-14-4 घेतलं. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या की ठरावीक आवाज दोघींमधूनही सारखाच आरपार जातो. जाडी वेगळी असली की तो जास्त अडतो. आत आर्गॉन वायू आणि एका काचेवर लो-ई, म्हणजे उष्णता परत फिरवणारा अगदी पातळ, थर घ्यायला लावला, कारण खर्च करायचाच तर इथे करावा, असं माझं मत. उष्णता किती निसटते ते यू-व्हॅल्यूवरून कळतं: एकेरी काचेची साधारण 5.7, साध्या जुन्या दुहेरीची 2.8 च्या आसपास आणि आर्गॉन व लो-ई असलेल्या चांगल्या जोडीची 1.1 पर्यंत उतरते.

काचा आल्या तेव्हा लायटर पेटवून काचेसमोर धरला. चार पृष्ठभाग, म्हणून ज्योतीची चार प्रतिबिंबं. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं दिसलं, म्हणजे लो-ई थर आहे. तो आतल्या काचेवर हवा की बाहेरच्या, हे घर उबदार ठेवायचंय की ऊन अडवायचंय त्यावर ठरतं, म्हणून बसवण्याआधी काचेवरचं स्टिकर वाचून घेतलं. आर्गॉन मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिथे बिलावर लिहून घेण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही.

कुजलेल्या चौकटीची खिडकी अख्खी बदलली. धूळ झाली, फोम सुकेपर्यंत थांबलो, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

पुढे एका थंड सकाळी नव्या काचेवर बाहेरच्या बाजूला दव दिसलं आणि घरात गोंधळ उडाला. पण ते चांगलंच लक्षण: घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती गार राहते. दव खोलीच्या बाजूला साचलं तर घरात दमटपणा जास्त आहे, असं समजायचं. आमच्याकडे पुढे तेही झालं, कारण फटी बुजल्यामुळे हवा खेळेना. आता अंघोळी आटोपल्या की थोडा वेळ समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडतो.