येणं, देणं आणि आखिरत

गुरुवार, रात्री

वरच्या मजल्यावरचे चाचा आज गेले. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजनंतर जनाज्याची नमाज झाली आणि नारियलवाडीच्या कब्रस्तानात दफन केलं. मूळ गाव रत्नागिरीकडचं, सगळी नोकरी गोदीत गेली, माझगावातली एक खोली, तीन मुलींची लग्नं केली, एक मुलगा शिकवला. नातेवाइकांत कौतुकानं सांगावं असं यात काही नाही. मला मात्र दिवसभर वाटत राहिलं, की या माणसाचं साधलं.

का वाटलं ते आजच लिहून ठेवतो.

जनाज्याच्या नमाजसाठी सफा, म्हणजे रांगा, लागल्या होत्या. तकबीर होऊन नमाज सुरू होण्याआधी मुलगा जमातीकडे तोंड करून उभा राहिला. ही आमची जुनी रीत. मय्यतीवर, म्हणजे गेलेल्या माणसावर, कुणाचं कर्ज असेल तर वारसानं ते अंगावर घ्यायचं, कुणाला दुखावलं असेल तर माफी मागायची. पुष्कळदा हे एका वाक्यात उरकतात, कारण रडू आवरत नसतं आणि लोकांनाही घाई असते. यानं खिशातून एक छोटी वही काढली. म्हणाला, अब्बांनी लिहून ठेवलंय ते वाचतो. ज्यांचं नाव येईल त्यांनी नंतर थांबा. ज्यांचं नाव नाही पण देणं आहे, त्यांनीही निःसंकोच सांगा. आधी उर्दूत सांगितलं, मग तेच मराठीत, कारण गोदीतले चाचांचे जुने सोबती फाटकाशी उभे होते.

संध्याकाळी ती वही मी हातात घेऊन पाहिली. डावीकडे नाव, उजवीकडे रक्कम. पैसे फिटले की नोंदीवर आडवी रेघ आणि शेजारी तारीख. जवळजवळ सगळ्या पानांवर रेघाच रेघा. उघड्या नोंदी मोजक्याच. किराणावाल्याचे 340. दूधवाल्याचा चालू महिना. एका ठिकाणी नुसतं 'भाऊचा धक्का, अण्णा, 200'. आणि एका पानावर रक्कमच नाही: 'मुकादमाला सगळ्यांच्या देखत वाटेल ते बोललो. माफी मागायची आहे.'

किराणावाल्यानं दफनाच्या आधीच सांगून टाकलं, माझे सोडले. मुलानं तरीही रात्री जाऊन दिले.

शुक्रवार

झोप नीट लागली नाही. पहाटेच्या फजरच्या अजानला जागाच होतो. 'हय्या अलस्सलाह' आणि त्याच्या मागोमाग 'हय्या अलल फलाह': नमाजकडे या, कामयाबीकडे या. दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी दोनदा, आमच्या गल्लीत ही हाक येते. लहानपणापासून ऐकतोय. आज ऐकताना चाचांच्या वहीतल्या त्या रेघा डोळ्यांपुढे होत्या.

परवाच मामूंच्या मुलाला बीकेसीत मोठ्या पगाराची नोकरी लागली. मिठाई वाटली, मीही मनापासून मुबारक म्हटलं. पोरगा रात्र-रात्र जागून शिकलाय, त्याच्या आनंदात मला खोट काढायची नाही. इस्लाम दुनिया टाकून द्या म्हणत नाहीच. 'रब्बना आतिना फिद्दुन्या हसनतंव्' या दुआत आपण आधी दुनियेतलं भलं मागतो, मग आखिरतचं, म्हणजे मरणानंतरच्या जगातलं. कुरआनातल्या धनाढ्य कारूनला त्याच्या लोकांनी हेच सांगितलं होतं: अल्लाहनं दिलंय त्यातून आखिरतचं घर शोध, दुनियेतला तुझा वाटाही विसरू नकोस, आणि अल्लाहनं तुझं भलं केलं तसं तू लोकांचं कर. कारूनकडे इतके खजिने होते, की त्यांच्या किल्ल्या उचलताना दांडग्या माणसांचा जथा वाकायचा. तो उत्तरला, हे मला माझ्या हुशारीनं मिळालंय. नटूनथटून तो बाहेर पडला, की बघणारे म्हणायचे, आपल्यालाही असं मिळालं असतं तर! मग तो त्याच्या वाड्यासकट जमिनीत गेला. कुरआनच्या सूरह कसस या अध्यायात हे सगळं आलंय. मला त्यातले ते बघणारे लोक जास्त अस्वस्थ करतात. आदल्या दिवशी त्याच्या जागी असावंसं वाटणारी तीच माणसं दुसऱ्या दिवशी म्हणतात, अल्लाहची मेहेरबानी नसती तर आपणही गेलो असतो.

जुम्म्याच्या नमाजनंतर दुकानात परत आलो. मस्जिद बंदरला सुक्या मेव्याच्या घाऊक दुकानात मी हिशोब बघतो. दिवसभर जमा-नावे, येणं-देणं, कुणाची उधारी थकली, कुणाचा चेक परत आला. म्हणून असेल, पण कामयाबीबद्दलची जी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, मला सगळ्यात जास्त हलवते ती दिवाळखोराची. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना विचारलं, मुफलिस, म्हणजे दिवाळखोर, कोण ते माहीत आहे? ते म्हणाले, ज्याच्याजवळ दिरहम नाही, सामान नाही तो. पैगंबर म्हणाले, माझ्या उम्मतीतला, म्हणजे अनुयायांतला, मुफलिस तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. पण यानं कुणाला शिवी दिलेली, कुणावर आळ घेतलेला, कुणाचा माल खाल्लेला, कुणाचं रक्त सांडलेलं, कुणाला मारलेलं. मग याच्या नेक्या, म्हणजे पुण्यं, त्या दुखावलेल्यांपैकी एकालाही दिल्या जातील, दुसऱ्यालाही दिल्या जातील. देणं फिटायच्या आत नेक्या संपल्या, तर त्या लोकांचे गुनाह याच्या अंगावर टाकले जातील आणि याला आगीत टाकलं जाईल. सहीह मुस्लिम या संग्रहातली हदीस आहे ही, अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली.

काय भयंकर ताळेबंद आहे हा. जमेच्या बाजूला खरोखर जमा आहे. नमाज खरी आहे, रोजे खरे आहेत, कुणी ते खोटे म्हणत नाही. तरी हातात काही उरत नाही, कारण सगळं ज्याचं त्याला द्यावं लागतं. तिथे दिनार नाहीत, दिरहम नाहीत, नेकी हेच नाणं. बुखारीच्या संग्रहातल्या हदीसमध्ये साफ सांगितलंय: ज्यानं भावाची अब्रू किंवा आणखी काही दुखावलं असेल, त्यानं ते आजच सोडवून घ्यावं, तो दिवस येण्याआधी.

याच्या शेजारी सूरह मोमिनूनच्या पहिल्या अकरा आयती ठेवल्या की चित्र पूर्ण होतं. कामयाब झाले ईमानवाले, अशी सुरुवात, आणि मग ते कोण याची यादी. नमाजमध्ये नम्र असणारे, फालतू गोष्टींपासून दूर राहणारे, जकात देणारे, चारित्र्य जपणारे, अमानत, म्हणजे विश्वासानं सोपवलेली ठेव, आणि दिलेला शब्द सांभाळणारे, नमाजांची राखण करणारे. नमाज यादीच्या सुरुवातीलाही आहे आणि शेवटीही, आणि त्या दोन्हींच्या मध्ये अमानत आणि शब्द आहेत. एकात कमी पडलो तर दुसऱ्यानं भरून निघेल, असं मला ते वाचताना कधीच वाटलं नाही.

कर्जाची बाब तर फारच कडक. एकदा पैगंबरांपुढे एक जनाजा आणला. त्यांनी विचारलं, याच्यावर कर्ज आहे? तीन दिनार होते, आणि मागे काही ठेवलं नव्हतं. म्हणाले, तुमच्या सोबत्याची नमाज तुम्हीच पढा. अबू कतादा (रजि.) पुढे आले, म्हणाले, कर्ज माझ्यावर; तेव्हा कुठे पैगंबरांनी नमाज पढवली. शहिदाचे सगळे गुनाह माफ होतात, कर्ज सोडून, हीही हदीस आहे. जीव दिला तरी शेजाऱ्याचे पैसे बाकीच राहतात! आणि वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, करण्याजोगं काही असेल, तर ती लिहून जवळ ठेवल्याशिवाय मुसलमानानं दोन रात्री काढू नयेत, असा हुकूम. चाचांनी वही उशाशी का ठेवली होती ते आता कळतं.

माहीमच्या मखदूमबाबांच्या गोष्टीतही दुसऱ्याचा हक्क देणं हेच आहे. 1372 ते 1431 हा त्यांचा काळ. कोकणी मुसलमानांतले केवढे मोठे विद्वान, कुरआनवर अरबीत तफसीर, म्हणजे भाष्य, लिहिणारे. पण आमच्या घराघरांत सांगतात ती गोष्ट पाण्याच्या पेल्याची. अम्मीनं पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत तिचा डोळा लागला, आणि हे पेला धरून सकाळपर्यंत उशाशी उभे. इतकी मोठी तफसीर मागे ठेवलेल्या माणसाबद्दल लोकांनी पिढ्यानपिढ्या काय जपलं, तर आईचा हक्क त्यानं कसा दिला ते. दादी ही गोष्ट सांगायची तेव्हा तफसीरचं नावही घ्यायची नाही.

रविवार

सकाळी चाचांच्या मुलासोबत विरारला गेलो. मुकादम आता तिथे लेकाकडे असतात. फाटकाशी उभ्या असलेल्यांपैकी एकानं पत्ता दिला होता. वाटेत मुलगा विचारत होता, भाई, काय बोलायचं? मी म्हटलं, वहीत आहे तेवढंच सांग.

वयानं थकलेत, काठी घेऊन चालतात. चाचा गेल्याचं त्यांना कळलं नव्हतं. बातमी ऐकून थोडा वेळ भिंतीकडे बघत बसले. मग मुलानं वही उघडून ते पान त्यांच्यापुढे धरलं. चष्मा लावून दोनदा वाचलं त्यांनी. मला वाटलं म्हणतील, अरे, असं काही झालंच नव्हतं, किंवा केव्हाच विसरलो. तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "लागलं होतं मला ते. पाळीतली पन्नास माणसं हसली होती."

मुलगा म्हणाला, "काका, अब्बांच्या वतीनं मी माफी मागतो."

काकूंनी चहा आणला. चहा निवला, तरी ते बोलेनात. आम्हीही बोललो नाही. हा त्यांचा हक्क होता, घाई करणारे आम्ही कोण? ते हिंदू आहेत, मग हे देणं लागतं का, असा प्रश्न घरातल्या एकानं काल काढला होता. करारानं सोबत राहणाऱ्या परधर्मीयावर जो जुलूम करील, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी मी स्वतः उभा राहीन, असं पैगंबरांनी म्हटलंय. अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस. ज्याच्या शिफारशीवर आपली सगळी आशा, तोच समोरच्या बाजूनं उभा! मुलाला हे कुणी सांगावं लागलं नाही. काल रात्री त्यानंच गाडीची वेळ बघून ठेवली होती.

शेवटी ते म्हणाले, "सोडलं मी. माझ्या मनात काही नाही आता. आणि मीही त्याला कमी बोललो नाही हो, त्याची वही कुणी लिहायची?" मुलगा म्हणाला, "अब्बांनी तुमच्याबद्दल एवढंच लिहिलंय, दुसरं काही नाही." मग त्यांच्यासमोरच त्यानं त्या ओळीवर रेघ मारली, तारीख घातली. निघताना काकूंनी डबाभर बेसनाचे लाडू दिले, चाचींसाठी.

आता फक्त धक्क्यावरचा अण्णा. रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर मौलानांना विचारलं. सरळ कुणा गरिबाला 200 रुपये दिले तर चालतील का? म्हणाले, आधी शोधा, मनापासून शोधा. तरी सापडला नाही, की मग त्याच्या नावानं सदका, म्हणजे दान, करा. आणि पुढे कधी तो आला आणि पैसे मागितले, तर तेव्हाही द्यावे लागतील, हे मुलाला सांगून ठेवा.

मासळीच्या होड्या पहाटे लागतात, तेव्हा जुनी माणसं भेटतील असं मुलगा म्हणतोय. उद्या फजर पढून भाऊच्या धक्क्यावर जातो. दुकानात उशिरा येईन म्हणून शेठना मेसेज टाकलाय.