सतरा तारखेचा पेनड्राइव्ह

चिपळूणच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही जुन्या दुकानात विचारा, २००५ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते मालक भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. मी ज्या पतसंस्थेच्या संगणकांचं काम बघतो, तिथेही तशी एक रेघ होती. सर्व्हर बसवला तेव्हा आम्ही त्या रेघेच्या दोन फूट वर लोखंडी फळी ठोकून घेतली. फळीवर सर्व्हर आणि त्याला लागून बॅकअपची हार्ड डिस्क. व्यवस्थापक साहेब म्हणाले, आता काळजी नाही. मलाही तसंच वाटलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारात शिरली, ती त्या फळीच्याही वर गेली.

मी सावर्ड्याला राहतो. गुरुवार-शुक्रवार कुणाचाच फोन लागेना. हायवेवर वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा रस्ता तुटल्याचं कळलं, पण आमच्या बाजूने येताना शहर नदीच्या अलीकडे लागतं. शनिवारी सकाळी मोटारसायकल काढली, चिखल लागला तिथे ती लावून ठेवली आणि पुढे चालत गेलो. बाजारपेठेचं वर्णन मी करू शकणार नाही. फुगून फुटलेली तांदळाची पोती, चिखलात लोळणारे फ्रिज, औषधांच्या दुकानासमोर लगदा झालेल्या खोक्यांचा ढीग, आणि या सगळ्यावर एकच वास.

पतसंस्थेचं शटर पहारीने उचकटावं लागलं. फळी जागच्या जागी होती. सर्व्हरच्या पंख्यातून चिखल गळत होता. शेजारची बॅकअपची डिस्कही तशीच. शिपाईमामा ती बनियनला पुसायला लागले, तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच. हार्ड डिस्क पाण्यात तग धरत नाही. तिच्या झाकणावर हवेसाठी बारीक भोक असतं आणि पाणी तिथूनच आत जातं. चिखल आत सुकला की तबकडीला चिकटून बसतो, आणि त्यात वीज दिली तर वाचणारं डोकं त्या चिखलावरून फिरून तबकडी खरवडून काढतं. म्हणून पुसायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, चालू करून बघायचं तर मुळीच नाही. दोन्ही डिस्क ओल्याच प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या. काहीच हाती लागलं नाही तर डेटा काढून घ्यायला पुण्याला पाठवायच्या, असं ठरवलं.

साहेब पायरीवर बसून होते. म्हणाले, "खरं सांग, सगळं गेलं का?"

मला उत्तर देता येईना. तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. "बाला, माजा पुस्तक वाहून गेला. पैसं तरी हायत ना?" साहेब उठले आणि म्हणाले, "आहेत आजी, कुठे जात नाहीत." ते माझ्याकडे बघत नव्हते.

दुपारी रोखपाल ताईंची आठवण झाली. त्यांचं घर सावर्ड्यालाच, माझ्यापासून दोन वाड्या पलीकडे. सर्व्हरवर एक जुनी सोय होती. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने सुरुवातीला एक बटण करून दिलं होतं. ते दाबलं की सगळे हिशेब ज्यात साठतात त्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या डेटाचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर उतरायचा. मी ताईंना अनेकदा सांगितलं होतं की हा खरा बॅकअप नाही. सर्व्हर चालू असताना फाइली नुसत्या उचलल्या तर एक फाइल सहा वाजून दहाची आणि दुसरी सहा वाजून बाराची येते, आणि दोघींचा मेळ बसत नाही. खरा बॅकअप म्हणजे रोज रात्री निघणारा माझा डंप, सगळ्या नोंदींची पुन्हा चढवता येईल अशी लिहून काढलेली प्रत, असं मी म्हणायचो. ताई ऐकून घ्यायच्या आणि दर शनिवारी काउंटर बंद झाल्यावर बटण दाबून पेनड्राइव्ह घरी न्यायच्या. देव्हाऱ्याखालच्या खणात, हळदीकुंकवाच्या कुयरीशेजारी त्याची जागा होती.

संध्याकाळी तो माझ्या हातात आला. त्यावर दोन गोष्टी होत्या. ३० जूनचा माझाच डंप, तिमाही अखेर म्हणून ताईंनी आठवणीने घेतलेला. आणि १७ जुलै, शनिवारचा कच्च्या फाइलींचा फोल्डर.

पहिलं काम, पेनड्राइव्हची नक्कल. मग नक्कलेची नक्कल. मूळ पेनड्राइव्ह ताईंच्या हातात परत देऊन म्हटलं, आता हा मला मागितला तरी देऊ नका. वीज येत-जात होती, म्हणून लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावला आणि ताईंच्या ओटीवरच बसलो.

३० जूनचा डंप वीस मिनिटांत चढला. म्हणजे जूनअखेरपर्यंतची जमीन पायाखाली आली. पण जुलैचे सतरा दिवस? त्यात सोनेतारणाची कर्जं होती, मुदत संपलेल्या ठेवी होत्या. त्या फक्त कच्च्या फोल्डरमध्ये होत्या.

कच्च्या फाइली उभ्या करायच्या तर मायएसक्यूएलची आवृत्ती तीच लागते. फोल्डरमध्ये अपग्रेडची नोंद ठेवणारी एक छोटी फाइल असते, तिच्यातून ५.७ हे कळलं. तीच आवृत्ती लॅपटॉपवर घातली. ८.० वर नीट बंद न झालेला ५.७ चा डेटा चढत नाही, आणि हा डेटा तर चालत्या सर्व्हरवरून ओढलेला. फाइलींची मालकी मायएसक्यूएलच्या नावे केली आणि सर्व्हर सुरू केला. दोन सेकंद चालला आणि पडला. एरर लॉगमध्ये ओळींमागून ओळी, सगळ्यांचा सूर एकच: पानावरचा लॉग क्रमांक भविष्यातला आहे.

त्याचा अर्थ असा. पान म्हणजे टेबलाच्या, नोंदींच्या तक्त्याच्या, फाइलीचा एक तुकडा, आणि त्यावर शेवटच्या बदलाचा लॉगमधला क्रमांक असतो. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलची टेबलं सांभाळणारी यंत्रणा, प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिते, मग सवडीने टेबलच्या फाइलीत उतरवते. लाइट गेली तरी लॉग वाचून ती स्वतःला सावरते. पण आमच्या नकलेत लॉगची फाइल आधी उचलली गेली होती आणि टेबलं नंतर. टेबलात जे घडलं होतं ते लॉगला ठाऊकच नव्हतं. खतावणीत नोंद आहे आणि रोजकीर्दीत नाही, तसं.

यावर एक अवघड वाट आहे, फोर्स रिकव्हरी. १ पासून ६ पर्यंत आकडे. जसजसा आकडा वाढवावा, तसतशी इनोडीबी स्वतःची एकेक तपासणी सोडून देते. ४ पासून पुढे फाइलींची कायमची हानी होऊ शकते, हे मायएसक्यूएलच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय. घाईने एकदम ६ टाकणारे मी पाहिलेत. मी १ टाकला, पडला. २ टाकला, पडला. ३ वर उभा राहिला.

ताई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या. स्क्रीनवर सभासदांची नावं दिसत होती. "हे आमचे शेजारी," त्या हळूच म्हणाल्या.

सर्व्हर उभा आहे तोवर एकेक टेबल वेगळं काढून घ्यायचं ठरवलं. सभासद निघाले, ठेवी, कर्जं, सोनेतारण, सगळं निघालं. पिग्मीच्या, म्हणजे रोज थोड्या थोड्या जमा होणाऱ्या ठेवींच्या टेबलाशी सर्व्हर पुन्हा कोसळला. दोनदा, तीनदा. मग नोंदींच्या क्रमांकाचे तुकडे पाडले. पहिले पन्नास हजार, पुढचे पन्नास हजार, मग हजार, मग शंभर. जिथे पडेल तिथून मागे यायचं. पहाटे तीनच्या सुमाराला कळलं की बिघाड अगदी शेवटच्या टोकाला आहे. इनोडीबीचं एक पान १६ केबीचं असतं. अशी मोजकीच पानं अर्धवट लिहिली जात असताना उचलली गेली होती.

कारण ताईंनीच सांगितलं. शनिवारी काउंटर बंद होतं, म्हणून बाकी कुठल्याच टेबलात कुणी लिहीत नव्हतं. पण त्याच वेळी दोन पिग्मी एजंट आपापली मशीनं जोडून दिवसाची वसुली उतरवत होते. म्हणूनच बाकी सगळं धड आलं आणि एवढंच फाटलं.

सकाळी सगळी टेबलं नव्या, स्वच्छ सर्व्हरवर चढवली आणि व्याजाची आकारणी चालवून पाहिली. चालेना. व्याज मोजणारी प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्रॅम, तिथे नव्हतीच. मी ३० जूनच्या डंपमध्ये शोधली, तिथेही नव्हती. मग लक्षात आलं तेव्हा हातपाय गार पडले. डंप काढणारा मायएसक्यूएलडंप हा प्रोग्रॅम ट्रिगर, म्हणजे नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या सूचना, आपणहून घेतो, पण प्रोसिजर घेत नाही. त्यासाठी रूटीन्सचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. चार वर्षं रोज रात्री निघणाऱ्या माझ्या डंपमध्ये व्याजाचं गणित एकदाही आलं नव्हतं. ते मला कळलं नाही, कारण चार वर्षांत मी तो डंप एकदाही दुसऱ्या मशीनवर चढवून वापरून पाहिला नव्हता. फाइल तयार होते, आकार रोज थोडा वाढतो, एवढंच बघत होतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने तर केव्हाच धंदा बंद केला होता. प्रोसिजर सापडल्या त्या ताईंच्या कच्च्या फोल्डरमध्ये. ५.७ मध्ये त्या मायएसक्यूएलच्या स्वतःच्या फोल्डरातल्या साध्या टेबलात असतात, आणि ते धड आलं होतं. ज्या नकलेला मी बॅकअप म्हणायला तयार नव्हतो, तिने माझ्या बॅकअपमधली उणीव भरून काढली. मी हे ताईंना तिथल्या तिथे सांगितलं, आणि नंतर साहेबांनाही.

उरले १७ तारखेची फाटलेली वसुली आणि १९, २० जुलैचे व्यवहार. २० ला आषाढी एकादशी होती, पण काउंटर उघडं होतं. २१ ला बकरी ईदची सुट्टी. व्हाउचरं वरच्या कपाटात होती. ती ओली झाली होती, पण बॉलपेनने लिहिलेली असल्यामुळे वाचता येत होती. मामांनी आणि त्यांच्या सुनेने ती एकेक सुटी करून दोरीवर चिमट्यांनी वाळवली. एका एजंटचं मशीन डोंगरावरच्या घरी सुखरूप होतं. दुसऱ्याचं पुरात गेलं होतं. तो दुकानोदुकानी फिरला. जिथे दुकानच उरलं नव्हतं तिथे मालकाच्या घरी गेला आणि पावत्या मागून आणल्या. त्या पावत्यांवरची छपाई लवकर पुसट होते, तरी लोकांनी खिशातून, देवाच्या फोटोमागून काढून दिल्या.

३० जूनची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, आम्ही लेखापरीक्षकांकडे दिलेल्या छापील प्रतीशी ताडली, पैशापैशाने जुळली. २० जुलैची बसवली तेव्हा ११५० रुपयांचा फरक राहिला. ताई तीन दिवस त्यामागे होत्या. शेवटी एका चहावाल्याने टपरी धुताना साखरेच्या बरणीत पिशवीत गुंडाळलेल्या सात पावत्या सापडल्या म्हणून आणून दिल्या. त्यातल्या दोन आमच्याकडे नव्हत्या. एक पाचशेची, एक साडेसहाशेची.

आता डंप रूटीन्ससकट निघतो, बायनरी लॉग, म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद, दर तासाला शहराबाहेर जातात, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ताईंच्या ओटीवर बसून तो डंप कोऱ्या लॅपटॉपवर चढवतो. ताई तेरीज काढतात आणि छापील प्रतीशी ताडून सही करतात. शनिवारचा पेनड्राइव्हही चालू आहे. फक्त बटण दाबण्याआधी मायएसक्यूएल बंद होतं.

काउंटर उघडलं त्या दिवशी ती म्हातारी पुन्हा आली. ताईंनी तिचं नवीन पुस्तक मशीनमध्ये घातलं. छापून बाहेर आलं तसं तिने ते उघडून पाहिलंही नाही, पदराखाली धरलं आणि विचारलं, "किती हायत?" ताईंनी आकडा सांगितला. "हां," ती म्हणाली, "तेवढंच हुतं."