पुडीमागचा हिशेब

तपासणीचे किती आणि औषधाचे किती, हा प्रश्न पुण्याच्या पेठेतल्या दवाखान्यात सहसा कुणी विचारत नाही. तपासणी, दोन दिवसांच्या गोळ्यांची पुडी, लागलंच तर एखादं इंजेक्शन, सगळं एका आकड्यात. फॅमिली डॉक्टरच्या व्यवसायाची घडी या सवयीवर बसली आहे. पेशंट पैसे देतो ते पुडीचे. नाडी, पोट, जुना केस पेपर आणि ‘याला आज ॲडमिट करायचं की उद्या बघायचं’ हा निर्णय त्याच पैशांत येतो.

याला कायद्याचा आधार आहे. औषधांसंबंधीच्या १९४५ च्या नियमांतलं शेड्यूल के नोंदणीकृत डॉक्टरला स्वतःच्या पेशंटला औषध द्यायची मुभा देतं, त्याला विक्रीचा परवाना लागत नाही. पण दुकान मांडून काउंटरवरून विकता येत नाही. म्हणजे शेजारच्या काकू दुसऱ्याच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या आणि ‘एवढ्या गोळ्या तुमच्याकडच्या द्या हो’ म्हणाल्या, तर ते या मुभेत बसत नाही.

आता आकडे. हे मांडणीपुरते आहेत, भागानुसार बदलतील. समजा रोज ३५ पेशंट, महिन्याला २५ दिवस : ८७५. त्यातले १७५ जण पुन्हा दाखवायला आलेले, नातेवाईक, इमारतीतले, ‘नंतर देतो’वाले. उरले ७००, प्रत्येकी २५० रुपये, म्हणजे १,७५,००० जमा. पुड्या मात्र सगळ्या ८७५ जणांना जातात. सरासरी ४० रुपयांच्या धरल्या तर ३५,००० औषधांतच गेले. जागेचं भाडं ३०,०००. कंपाउंडर आणि रिसेप्शनवरची ताई मिळून ३३,०००. झाडलोटीच्या मावशी ४,०००. वीज, फोन, कचऱ्याची गाडी ६,०००. छपाई, उपकरणं, व्यवसाय विमा, किरकोळ ७,०००. खर्च १,१५,०००, हातात ६०,०००, तेही आयकराआधी. शिवाय व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० आहेतच. दिवाळीत आठवडा बंद ठेवला तर जमा थांबते, भाडं आणि पगार थांबत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये ताप-जुलाबाची रांग बाहेर फुटपाथपर्यंत येते आणि तेच महिने उन्हाळ्यातली तूट भरून काढतात.

या हिशेबातली सगळ्यात निर्णायक ओळ भाड्याची. जागा स्वतःची किंवा आजोबांच्या वेळच्या भाडेकरारातली असेल तर हातात दीडपट राहतात. नारायण-सदाशिव पेठेत दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे दवाखाने टिकलेले दिसतात आणि बाणेरसारख्या नव्या उपनगरात एकट्या डॉक्टरचा नवा दवाखाना उघडणं अवघड जातं, याचं मोठं कारण वैद्यकीय नाही, जागेचं आहे.

पुडीवर पोट असलं की माणसंही पुडीभोवती लागतात. जुन्या पद्धतीचा कंपाउंडर आता मिळत नाही. बहुतेक ठिकाणी दहावी-बारावी झालेला, हाताखाली शिकलेला मुलगा असतो. नंबर लावून घेणं, केस पेपर काढणं, ड्रेसिंगचं सामान मांडणं, पुड्या बांधणं एवढं त्याचं काम. इंजेक्शन त्याने द्यायचं नाही. ते डॉक्टरने किंवा शिकलेल्या नर्सने. संध्याकाळी सात वाजता गर्दीत हा नियम सगळ्यात आधी मोडतो.

पुडीतली चूक कुठे होते तेही ठरलेलं आहे. हजार गोळ्यांच्या डब्यातून गोळ्या बरणीत ओतल्या की बॅच नंबर आणि मुदत डब्याबरोबर कचऱ्यात जाते. जुनी बरणी न संपवता वर नवा माल ओतला जातो, मग तळाशी मुदत संपलेल्या गोळ्या राहतात. पावसाळी हवेत त्या मऊ पडतात. पांढऱ्या गोल गोळ्या एकमेकींसारख्या दिसतात. आणि पुडीवर फक्त ‘१-०-१’ लिहिलेलं असेल, तर रात्री कॅज्युअल्टीत गेलेल्या पेशंटच्या मुलाला ‘काय दिलं होतं?’ याचं उत्तर देता येत नाही. त्यात स्टेरॉइड असेल तर प्रश्न गंभीर. उपाय साधा : स्ट्रिप कापून द्यायची, केस पेपरवर आणि पुडीवर नाव लिहायचं. खर्च थोडा वाढतो, दर पेशंटमागे अर्धा मिनिट जास्त जातो. ३५ पेशंटचा अर्धा मिनिट म्हणजे सतरा-अठरा मिनिटं, म्हणून तर ते टाळलं जातं.

कचऱ्याचं थोडक्यात. खाट नसलेल्या दवाखान्यालाही २०१६ च्या नियमांखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता लागते. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात; सिरिंज लाल पिशवीत; काचेच्या बाटल्या निळ्यात; रक्ताचा कापूस पिवळ्यात. ४८ तासांच्या वर साठवायचा नाही. सुईवर टोपण परत बसवायला गेलं की हमखास बोटात शिरते. लसी ठेवायच्या असतील तर फ्रिज २ ते ८ अंशांत, लस दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याला टेकून तर अजिबात नाही. गोठलेली धनुर्वाताची लस फेकूनच द्यावी लागते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा फ्रिज न उघडणं हेच काम.

पुडी नसलेली कामं मग कुठे मांडायची? सगळ्यात अवघड काम पहाटेच्या फोनचं : ‘आजोबा उठत नाहीयेत, येता का?’ घरी मृत्यू झाला की नमुना ४अ मध्ये कारणाचा दाखला लागतो. त्याशिवाय स्मशानभूमीचा पास अडतो. जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यानुसार या दाखल्याचे पैसे घेता येत नाहीत. व्हिजिटचे घेता येतात, पण त्या घरात त्या वेळी मागणार कोण? शिवाय शेवटच्या आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच तो द्यायचा असतो. वर्षभर न दाखवलेल्या माणसाचा दाखला ओळखीपोटी देणं डॉक्टरच्या अंगाशी येऊ शकतं. आणि कारणाच्या रकान्यात नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ लिहिणं चूक. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. मधुमेह, त्यातून किडनी निकामी, त्यातून शेवट, अशी साखळी लिहायची असते.

जिथे निर्णयाला किंमत नाही तिथे ‘कट’ शिरतो. लॅब किंवा मोठ्या हॉस्पिटलकडून पेशंटमागे पैसे घेणं २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट निषिद्ध आहे. तरी तो चालतो, कारण ‘तुम्हाला तपासणीची गरज नाही, तीन दिवस थांबू’ या सल्ल्याचे २५० रुपयेही पेशंटला जड वाटतात.

फोनचंही तसंच. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार फोनवरच्या सल्ल्याचे पैसे घेता येतात, नोंद ठेवावी लागते. प्रत्यक्षात व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो येतो, खाली ‘बघा ना डॉक्टर’, आणि उत्तर जातं. काही दवाखान्यांनी आता पुडी बंद केली आहे : फक्त तपासणी, केस पेपरवर औषधांची नावं, फी वेगळी. पहिले काही महिने पेशंट कमी होतात. पुढच्या गल्लीत औषधासकट तेवढ्याच पैशांत होतं, असं ऐकवून जातात. त्यातले काही परत येतात, बहुतेक वेळा जुना केस पेपर मागायला.