आजोबांच्या काचा

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी आजोबांच्या फोटो स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह लाकडी पेट्यांत पडून होत्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं. पेट्या माळ्यावर होत्या म्हणून निभावलं. काचेवर चित्र असतं ते जिलेटिनच्या पातळ थरात. तो भिजला की फुगतो, सुटतो. आणि दोन काचा तशा चिकटल्या तर संपलंच. 2021 ला पुन्हा पूर आला आणि मी कामाला लागलो.

आधी एका दुकानात चौकशी केली. ‘जेपेग देतो, चेहऱ्यावरचे डागही पुसून देतो,’ म्हणाले. पेट्या घेऊन परत आलो. कारण ते डाग नव्हते. काच तिरकी धरून उजेडात पाहिली की थराच्या बाजूला पेन्सिलीच्या बारीक, स्वल्पविरामासारख्या रेघा दिसतात. गालावरचे व्रण, कपाळावरच्या आठ्या आजोबांनी निगेटिव्हवरच रिटच केल्या होत्या. काही काचांवर पार्श्वभूमी झाकायला लाल रंग लावलाय. त्यांच्या हाताची एवढीच खूण उरली आहे. ती पुसून कशी चालेल?

म्हणून प्रत्येक काचेचे दोन फोटो घेतले. एक खालून उजेड देऊन, चित्रासाठी. दुसरा वरून तिरका उजेड टाकून, रेघांसाठी. सुती हातमोजे काचेवर घसरतात, म्हणून नायट्राइलचे घातले. धूळ झाडली ती फक्त गुळगुळीत बाजूची, मऊ ब्रशने. थराच्या बाजूला हात नाही, पाणी तर नाहीच. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा स्टँडवर उलटा टांगला. हाफ प्लेट मापाची काच म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, त्यामुळे इंचाला आठशेच्या वर बिंदू सहज मिळाले. मूळ प्रत 16 बिटची टिफ, म्हणजे काहीही न गाळता साठवलेली फाइल, कृष्णधवल केल्यावर साधारण 48 एमबीची. जेपेग केली ती फक्त लोकांना दाखवायला, कारण जागा वाचवताना ती बारीक तपशील कायमचा टाकून देते.

स्कॅनिंग उरकतं हो. खरं काम त्यानंतरचं. फोटोत कोण आहे? निम्म्याहून जास्त काचा पैलवानांच्या. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती मारली की गडी थेट स्टुडिओत यायचा, असं वडील सांगायचे. प्रिंट काढून एका जुन्या वस्तादांकडे नेले. त्यांनी चेहरा पाहिलाच नाही, कान पाहिला. “ह्यो न्हवं रं, ह्याचा थोरला भाऊ. थोरल्याचा डावा कान मोडला हुता, धाकट्याचा उजवा.” ते बोलत होते तेव्हा मला हायसं वाटलं. थराची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवून फोटो घेतला की चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, म्हणून प्रत्येक फाइल मी पलटून घेतली होती. तसं केलं नसतं तर धाकट्याच्या नावावर थोरला कायमचा चढला असता. वस्तादांचं बोलणं त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड केलं. तेही त्या काचेच्या नंबराखालीच ठेवलंय.

काचा आता आम्लमुक्त कागदाच्या चार घड्यांच्या पाकिटात, लांब बाजूवर उभ्या आहेत. आडव्या रचल्या की खालची वजनाने तडकते. पाकिटावर पेन्सिलीने नंबर, तोही काच आत घालण्याआधी.

फाइलींच्या तीन प्रती आहेत: एक घरी वरच्या मजल्यावर, एक पुण्याला ताईकडे, एक क्लाउडवर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. ज्या गावात पावसाळाभर हा आकडा तोंडपाठ असतो, तिथे सगळं एकाच घरात ठेवायची माझी तयारी नाही. प्रत्येक फाइलचा एसएचए-256 आकडा, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून संगणकाने काढलेली तिची खूण, नोंदवलाय. एक बिट बदलला तरी तो वेगळा येतो. दिवाळीत सगळं पुन्हा तपासतो. एकदा घरच्या डिस्कवरच्या एका फाइलचा आकडा जुळला नाही. फोटो उघडला तर तळाशी राखाडी पट्टा. ताईकडची प्रत आणून बदलली.

घरगुती बायकांचे फोटो त्या त्या घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकणार नाही. ओळख न पटलेल्या बऱ्याच काचा अजून आहेत. त्यांचे प्रिंट घेऊन तालमी फिरतोय. ऐंशीच्या पुढची माणसं आधी गाठतोय.