सातवीचं इंग्रजी: वाचता न येणाऱ्यालाही गोष्ट लागतेच

सातवीत इंग्रजीच्या तासाला उभं राहिलं की समोर एक वर्ग नसतो, तीन असतात. पहिल्या बाकावरच्या मुली धडा घरी वाचून आलेल्या असतात. मधल्या रांगांना धडधड वाचता येतं, पण काय वाचलं ते विचारलं की सगळे खाली बघतात. खिडकीजवळ मागे बसणाऱ्यांचा स्मॉल बी आणि डीमध्ये अजून घोळ असतो. मराठी माध्यमाला पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, म्हणजे ही मुलं सहा वर्षं इंग्रजी शिकून माझ्यापर्यंत आलेली आणि दरवर्षी इंग्रजीत पास झालेली.

पास कशी होतात हे कळायला वेळ लागत नाही. प्रश्नातले दोन शब्द धड्यात शोधायचे, ते ज्या वाक्यात सापडतील ते वाक्य टिंबासकट वहीत उतरवायचं. उत्तर बरोबर येतं, मीही बरोबरची खूण करते. गोष्टीतला म्हातारा शेवटी का रडला, हे त्या मुलाला ठाऊक नसतं. गोष्टीत म्हातारा आहे हेही कधी कधी ठाऊक नसतं.

आमची शाळा नागपूरच्या महाल भागात. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे पोर्शनची घाई पहिल्या दिवसापासून मागे लागते. तरी एका वर्षी सुरुवातीचे दिवस मी धडा उघडलाच नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एकेकाला बसवलं आणि चौथीच्या पातळीचा छोटा उतारा मोठ्यानं वाचायला दिला. लेखी चाचणीत जे लपतं ते इथे लपत नाही. कोण पहिल्या अक्षरावरून अख्खा शब्द ठोकून देतो, कोण दुसऱ्या ओळीपर्यंत पहिली विसरतो, हे समजतं. वाचून झालं की तोच मजकूर मी वाचून दाखवायचे आणि मराठीत विचारायचे, काय झालं सांग.

यात एक मोठी गोष्ट हाती लागली. मागच्या खिडकीजवळच्यांपैकी बऱ्याच जणांना ऐकून सगळं समजत होतं, नुसतं कागदावरून उचलता येत नव्हतं. मधल्या रांगांचं उलट होतं. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये याचं साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज. गुणिले हे महत्त्वाचं. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य, दुसरं कितीही असो. म्हणजे माझ्या वर्गातल्या दोन गटांना शून्य मिळत होतं ते वेगवेगळ्या कारणांनी, आणि औषध मात्र आम्ही दोघांनाही एकच देत होतो, पाच वेळा स्पेलिंग लिहा.

उकलीचं काम तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत बसवलं. मराठी मुलाची अडचण खरी आहे. आपल्याकडे अक्षर दिसलं की आवाज बहुतेक ठरलेला. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, आणि सगळ्यात जास्त त्रास स्वरांचा. म्हणून मुलं पुस्तकातल्या ओळींवर पेन्सिलीनं देवनागरी लिहून ठेवतात. आमच्या स्टाफरूममध्ये यावर चिडणारे पुष्कळ. मला त्यात मुलाची अक्कल दिसते. त्यानं आपल्यापुरता मार्ग काढलाय, फक्त त्या मार्गानं डोळा इंग्रजी अक्षराकडे जातच नाही. म्हणून मी सूट दिली ती एवढीच: अख्खा शब्द देवनागरीत लिहायचा नाही, जो आवाज अडला तेवढाच वर लिहायचा. बॅट आणि बॉल लिहिताना ते दोन परके स्वर मुलं चंद्र काढून रोज लिहितातच, तीच खूण इथे कामी आली. शब्द आवाजानुसार एकत्र बांधले. ई ए ही जोडी घेतली की टी, सीट, मीट एका बाजूला, ब्रेड, हेड, डेड दुसऱ्या बाजूला. का, असं विचारलं की मी सांगायचे, इंग्रजीचं असंच आहे बाबा, माझ्याही हातात नाही.

मात्र एक ठाम ठरवलं होतं. ज्याला मिसरूड फुटू लागलंय त्याच्यासमोर मांजर चटईवर बसलं छापाचं वाक्य ठेवायचं नाही. त्याला अक्षर येत नाही, पण डोकं तेरा वर्षांचं आहे. संध्याकाळी तो गिऱ्हाइकाशी हिंदीत घासाघीस करतो, घरी वऱ्हाडी बोलतो, शाळेत मराठी लिहितो. आधी अक्षरं पक्की होऊ द्या, साहित्य मग बघू, असं म्हणत आम्ही त्याला वर्षानुवर्षं गोष्टीच्या बाहेर उभं ठेवतो आणि मग तो इंग्रजीत रस घेत नाही म्हणतो.

म्हणून शब्द सोपे, पण प्रसंग मोठ्या माणसांचा, अशा छोट्या गोष्टी मीच लिहायला बसले. त्यातली एक इतवारी बाजारातली. दुकानांत चहा पोचवणारा मुलगा. शेठजी पैसे देतात, दोन नोटा चिकटलेल्या असतात. मुलगा रस्त्यात मोजतो, थांबतो, आणि मग हळूहळू चालायला लागतो. कोणत्या दिशेनं, ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चहा घेऊन येतो. शेठजी पैसे दोनदा मोजून देतात. गोष्ट संपली.

आधी पुस्तकं, कागद सगळं बंद. मी इंग्रजीत वाचायची, थांबायची, विचारायची: आता काय करून राहिला असेल तो? उत्तर कोणत्याही भाषेत चालेल. शेवटच्या वाक्यानंतर वर्गात जे भांडण लागलं ते मला आवरेना. एक गट म्हणे, नोट परत दिली म्हणूनच शेठ सावध झाला. दुसरा म्हणे, नाही दिली, गल्ल्यात पैसे कमी भरले म्हणून मोजून राहिला. मागून एक जण उठला, जो सहसा बाथरूमला जाऊ का एवढंच विचारतो. ‘मॅडम, नसती देल्ली तर थो दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आलाच नसता जी.’ मी म्हटलं, दाखव, कागदावर कुठंय ते. आता कागद उघडला. दुसऱ्या दिवशीचं वाक्य शोधायला त्याला वेळ लागला, ओठ हलवत, एकेक शब्द सोडवत. बाकीचे थांबले, कारण त्यांनाही तेच वाक्य आपल्या बाजूनं वापरायचं होतं.

तेव्हापासून हाच नियम झाला: वाद मराठीत घाला, हिंदीत घाला, पण बोट इंग्रजी ओळीवर ठेवा. इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला, असं मला ऐकवलं गेलं. पण तेरा वर्षांच्या मुलाचा विचार त्याच्या इंग्रजीइतका छोटा करून मागितला, तर तो विचार करणंच सोडून देतो. आधी विचार येऊ दे. मग त्यातलं एक वाक्य इंग्रजीत लिहायला लावता येतं, आणि लावलंही.

पोळ्यानंतर आणखी एक प्रकार केला. दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे ईडापीडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, आमच्या मुलांच्या दारावरून जाते, त्यामुळे त्या विषयातले तज्ज्ञ तेच. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची, हे त्यांनीच मला सुनावलं. त्यांनी सांगायचं, मी इंग्रजीत फळ्यावर लिहायचं. बडग्या, म्हणजे मिरवणुकीतला टीकेचा पुतळा, कुणाचा होता, त्याच्या गळ्यात काय अडकवलं होतं, ढोल कुठे थांबला. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी तशीच राहू दिली. फळा भरला, तो मजकूर कागदावर उतरवून सगळ्यांना दिला. बी-डीवाल्यांनी तो अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचला. काय लिहिलंय ते आधीच माहीत होतं, त्यामुळे सगळी ताकद अक्षरांवर लावता आली. हे पाठांतर नव्हे ना, म्हणून मी वाक्यांच्या पट्ट्या कापून उलटसुलट केल्या. काहींची फजिती झाली, पण बहुतेकांनी लावून दाखवल्या.

कवितेबद्दल थोडंच. दहावीत कवितेचं रसग्रहण लिहावं लागतं, शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, आशय, आणि ते बहुतेक गाईडमधून पाठ होतं. सातवीत मी यमकरचना विचारलीच नाही. बाकावर ठेका धरून सगळ्यांनी मिळून म्हणायची, आणि एकच प्रश्न: कोणती ओळ आवडली, का? ‘चांगली आहे म्हणून’ हे उत्तर चालणार नाही. पावसावरच्या एका कवितेला एका मुलीनं उत्तर दिलं, कोणतीच नाही, आमच्या घरात पाणी शिरते. तिला पूर्ण गुण दिले.

निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर चालणाऱ्या तपासणीच्या) नोंदी यात आठवडेच्या आठवडे गेले. सगळी मुलं वाचती झाली असं सांगायची माझी तयारी नाही. काही जण वर्षाच्या शेवटीही छोट्या शब्दांवरच होते. एक मुलगा दिवाळीनंतर शाळेत येईनासा झाला. पण व्हरांड्यातली तीच वाचन तपासणी मार्चमध्ये पुन्हा घेतली, तेव्हा मागच्या खिडकीजवळचे बरेच जण उतारा शेवटपर्यंत घेऊन गेले, आणि मधल्या रांगांनी मान खाली न घालता गोष्ट सांगितली.

२०२३-२४ पासून आठवीची वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते, नाहीतर पुनर्परीक्षा. म्हणून आठवीच्या मॅडमना मी प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेली वही दिली: याला ऐकून समजतं, अक्षरं अडतात, ही वाचते, पण विचारल्याशिवाय अर्थ लावत नाही. त्यांनी वही चाळली आणि विचारलं, ‘हे सगळं करून पोर्शन झाला का?’

झाला. दोन कविता सोडून.